काडी एकीची, मूळ दुसरीचं: कलमांबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी पत्रांचा ढीग उघडला तर बहुतेक सगळी कलमांवरचीच निघाली, म्हणून ठरवलं की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचा. काही प्रश्न अगदी सारखे होते ते एकत्र केलेत. एक-दोन पत्रं वाचून मला काळजी वाटली, त्यांना जास्त जागा दिलीये.

प्रश्न: ताई, वांग्याच्या रोपावर टोमॅटो कलम करायचा तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा शेंडा मान टाकून पडला. कट बरोबर होता, क्लिप पण नीट लावली होती. चुकतंय कुठे?

कट बरोबर असेलही, पण दुसऱ्या दिवशी मान टाकली म्हणजे चूक बहुतेक कट झाल्यानंतरची आहे. बघा, तुम्ही टोमॅटोचा शेंडा त्याच्या मुळापासून तोडलाय, आता त्याला खालून पाणी मिळणं बंद, आणि पानं मात्र हवेत पाणी सोडतच राहतात. वांग्याच्या देठातल्या नळ्या त्याच्या नळ्यांना जोडायला साधारण आठवडा लागतो. हा आठवडा त्या शेंड्याने काढायचा कसा? तर त्याच्या भोवतीची हवाच इतकी ओलसर ठेवायची की पानातून पाणी जाऊच नये. आर्द्रता ८५ ते ९५ टक्के लागते, आणि नुसतं वरून पाणी शिंपडून ती मिळत नाही.

कलम झालं की लगेच, म्हणजे खरंच पाच मिनिटांच्या आत, रोप झाकण असलेल्या पारदर्शक डब्यात किंवा मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा, आतल्या बाजूला पाण्याचा फवारा मारा (जोडावर नको, जोडात पाणी शिरलं की सडतं). पहिले दोन-तीन दिवस अंधारात किंवा अगदी मंद उजेडात, तापमान २५ अंशांच्या आसपास. चौथ्या दिवसापासून थोडा उजेड आणि दिवसातून पाच-दहा मिनिटं झाकण उघडं, मग रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं, आणि सात ते दहा दिवसांनी पूर्ण बाहेर. इथेच बहुतेकांची घाई होते, चौथ्या दिवशी शेंडा टवटवीत दिसतो म्हणून लोक रोप थेट उन्हात नेतात आणि संध्याकाळपर्यंत ते गेलेलं असतं. टवटवीत दिसतं कारण हवा ओली होती, जोड अजून कच्चाच असतो.

आणखी काही गोष्टी. वांगं टोमॅटोपेक्षा हळू वाढतं, त्यामुळे वांग्याचं बी काही दिवस आधी पेरा, कारण कलम करताना दोन्ही देठं सारख्या जाडीची लागतात, साधारण दीड-दोन मिलिमीटर, रोपाला दोन ते चार खरी पानं असतानाच. ब्लेड नवं घ्या. तिरपा काप एकाच झटक्यात, करवतीसारखं पुढे-मागे करू नका, त्याने पेशी चिरडतात आणि चिरडलेली पेशी जुळत नाही. वांग्याचा काप बियातून आलेल्या पहिल्या दोन पानांच्या खाली घेतलात तर नंतर खालून वांग्याची फूट यायची कटकट राहत नाही. आणि शेवटी कुंडीत लावताना जोड मातीच्या वर राहू द्या. जोड मातीत गेला की टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो आणि मग वांग्याच्या मुळाचा, म्हणजे पाणी साचलं तरी तग धरायचा आणि मातीतल्या मर रोगाला तोंड द्यायचा जो फायदा होता तोच निघून जातो, ज्यासाठी एवढं केलं तेच पाण्यात.

तंबाखू हाताळत असाल तर आधी साबणाने हात स्वच्छ धुवा, हे अगदी मनापासून सांगतेय. तंबाखूवरचा मोझॅक व्हायरस हातावरून टोमॅटोत जातो आणि कलमाच्या ताज्या जखमेतून तर फारच सहज.

प्रश्न: कशावर काय कलम होतं याचा काही नियम आहे का? आंब्यावर चिकू होईल का? आणि केळीवर कलम करता येतं का?

नातं जितकं जवळचं तितका जोड चांगला, एवढंच लक्षात ठेवा. आंब्यावर आंबा, लिंबावर संत्रं-मोसंबी, टोमॅटो आणि बटाटा, कलिंगड आणि भोपळा, ही एका घरातली माणसं. आंबा आणि चिकू पार वेगळ्या कुळातले, नाही होणार. चिकूसाठी खिरणीचा खुंट (म्हणजे खालचं, मुळाचं रोप) वापरतात, तो त्याचा सख्खा म्हणावा असा नातेवाईक आहे.

केळीचं कारण वेगळं आहे. खोडात साल आणि लाकूड यांच्या मधे एक बारीक, हिरवट, ओला थर असतो, नखाने साल खरवडलीत तर दिसेल. वाढणाऱ्या पेशी तिथे असतात आणि कलम जुळतं ते याच थराला थर भिडला तर. केळी, नारळ, बांबू, गवतं यांच्या खोडात असा थरच नसतो, त्यामुळे चाकू घेऊन घरी जे करतो ते तिथे चालत नाही. वैज्ञानिकांनी २०२२ मध्ये गहू-ओट अशा वनस्पतींत जोड जमवून दाखवला खरा, पण तो बियाच्या आतल्या कोवळ्या गर्भावस्थेतच, ते काम घरच्या टेबलावरचं नाही.

एक अपवाद मात्र मला फार आवडतो. तंबाखूच्या जातीतली झाडं परक्या कुळातल्या झाडांशीसुद्धा जोड धरतात. २०२० मध्ये जपानच्या संशोधकांनी त्याचं कारण शोधलं, जोडाच्या जागी ती एक एन्झाइम बाहेर सोडतात, ते पेशींच्या भिंतीतलं सेल्युलोज थोडं मऊ करतं आणि दोन्हीकडच्या पेशी एकमेकींना चिकटतात. म्हणजे चिकटायचं कामसुद्धा झाड स्वतःच करतं, आपण फक्त दोघांना जवळ धरून हलू द्यायचं नाही.

प्रश्न: मित्र म्हणतो की बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलीचा शेंडा भांगेच्या मुळावर कलम केला तर हॉप्सच्या पानांत नशेचं द्रव्य उतरतं, आणि दिसायला ती साधी हॉप्सचीच वेल राहते. हे खरं आहे का? प्रयोग करायचा नाहीये, नुसतं कुतूहल आहे.

खरं नाही. गोष्ट जुनी आहे आणि पटण्यासारखी आहे, म्हणूनच इतकी टिकलीये.

पटण्यासारखी का, तर हॉप्स आणि भांग खरोखरच एका कुळातले, जवळचे नातेवाईक, आणि त्यांचा एकमेकांवर जोड धरतोसुद्धा. त्यात १९४० च्या दशकात एका प्रयोगात असा दावाही झाला होता की द्रव्य जोड ओलांडून जातं. लोकांनी तेवढंच धरून ठेवलं. १९७५ मध्ये क्रॉम्बी आणि क्रॉम्बी या संशोधकांनी दोन्ही बाजूंनी कलमं केली, हॉप्सवर भांग आणि भांगेवर हॉप्स, आणि रासायनिक तपासणी केली. हॉप्सच्या भागात भांगेचं द्रव्य आलं नाही आणि भांगेच्या भागात हॉप्सची कडवट द्रव्यं आली नाहीत. प्रत्येक जण जोडाच्या आपापल्या बाजूला आपलंच काम करत राहिला.

कारण समजून घेतलं तर सगळ्या कलमांचं मर्म कळतं. भांगेतलं ते द्रव्य झाडाच्या मुळांमध्ये तयार होतच नाही. ते तयार होतं मादी फुलांवरच्या आणि त्यांच्या जवळच्या पानांवरच्या बारीक चिकट केसांत, त्या केसांच्या टोकाला ग्रंथी असते, तिथेच बनतं आणि तिथेच साठतं. मूळ काय पाठवतं? पाणी, क्षार, थोडे हार्मोन. ज्या गोष्टीचा कारखानाच फुलावर आहे ती मुळातून वर येणार कशी? हॉप्सच्या फुलावरही तशाच ग्रंथी आहेत पण त्या हॉप्सचीच द्रव्यं बनवतात कारण तिथल्या पेशी हॉप्सच्याच आहेत. कलमाने पाण्याचे नळ जोडले जातात, पेशींचा स्वभाव बदलत नाही.

भांग घरी लावायला बऱ्याच देशांत कायद्याने बंदी आहे आणि जिथे परवानगी आहे तिथेही नियम वेगवेगळे आहेत, तेव्हा खुंट म्हणूनसुद्धा ते झाड घरात ठेवलं तर कायद्याच्या नजरेत ते भांगेचंच झाड. वर हॉप्स आहे म्हणून सुटका नाही.

प्रश्न: आमच्या मागे धोत्रा माजलाय, कितीही उपटा परत येतो. वाचलं की धोत्रा आणि टोमॅटो एकाच कुळातले. एवढ्या चिवट मुळावर टोमॅटो कलम केला तर कसलं जबरदस्त झाड होईल ना?

नका करू. कृपा करून नका करू. केलं असेल तर त्याचं एकही फळ कोणी खाऊ नका, झाड उपटून टाका, आणि मुलं तिथे खेळत असतील तर आजच.

वरचं उत्तर वाचून कोणाला वाटेल की जोड ओलांडून कधीच काही जात नाही. तसं नाहीये! प्रश्न एवढाच की द्रव्य बनतं कुठे. भांगेचं वर बनतं म्हणून खालून येत नाही. धोत्र्याचं विष मात्र मुख्यतः मुळातच बनतं आणि पाण्याबरोबर वर चढतं, मग वरचा शेंडा धोत्र्याचा आहे की टोमॅटोचा हे त्या पाण्याला काय माहीत. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका कुटुंबाने धोत्र्याच्या मुळावर कलम केलेल्या झाडाचे टोमॅटो खाल्ले आणि घरातल्या लोकांना विषबाधा झाली. झाड छान वाढलं होतं, फळंही टोमॅटोसारखीच टोमॅटो दिसत होती, आणि भीती याचीच वाटते की बघून, वास घेऊन काहीच कळत नाही.

तंबाखूचंही तसंच. निकोटिन मुळात बनतं. १९४२ मध्ये डॉसन या संशोधकांनी टोमॅटो तंबाखूच्या मुळावर चढवला तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन साठलं, आणि उलट तंबाखूचा शेंडा टोमॅटोच्या मुळावर चढवला तर त्या तंबाखूत निकोटिन जवळजवळ नव्हतंच. इतका साधा आणि इतका सुंदर प्रयोग, एकाच कापात दोन्ही बाजूंचं उत्तर.

धोत्रा पोटात गेला तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, माणूस भलतंसलतं बडबडायला लागतो. असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चिवट मूळच हवं असेल तर रानवांगं आहे, मर रोगाला दाद देत नाही आणि त्याच्यावर वांगं-टोमॅटो कलम करायची पद्धत चांगली रुळलेली आहे.

प्रश्न: विकत आणलेलं गुलाबाचं कलम दोन वर्षं मोठी लाल फुलं देत होतं, यंदा लहान लहान फिकट फुलं येतायत आणि फांद्या भराभर वाढतायत. जात बदलली का?

जात बदलली नाही, खालच्या जंगली गुलाबाने वरच्याला दाबलंय. गुलाबाचं कलम म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडावर चांगल्या जातीचा एक डोळा (म्हणजे न फुटलेला कोंब) भरलेला असतो. खोडाजवळची माती हाताने बाजूला करा, जिथे गाठीसारखा फुगवटा दिसेल तो जोड. त्या फुगवट्याच्या खालून निघालेली प्रत्येक फांदी जंगली. पानांची पात्यं मोजून ओळखायला सांगतात, सातची जंगली आणि पाचची चांगली, त्याच्यावर विसंबू नका, चांगल्या गुलाबालाही सात पात्यांची पानं येतात. फांदी निघते कुठून तेवढंच बघा.

आणि ती जंगली फांदी कात्रीने कापू नका, बुंध्याला धरून खाली ओढून मुळापासून उपटा, कारण कापलेल्या जागी राहिलेले डोळे परत फुटतात, एकाच्या जागी तीन. लाल जातीची एखादी फांदी अजून जिवंत असेल तर झाड वाचेल.

प्रश्न: मला आजीच्या झाडाचा आंबा हवाय, झाड म्हातारं झालंय आणि ते घर लवकरच पाडणार आहेत. बी लावू की कलम करू? काड्या आणायला एक दिवसाचा प्रवास आहे.

कलमच करा, आणि वेळ घालवू नका. बी लावलंत तर निम्मा आजीचा आंबा आणि निम्मा कुठल्या तरी भलत्याच झाडाचा, शिवाय फळाला बरीच वर्षं वाट बघायची. कलमाची काडी ही आजीच्या झाडाचाच तुकडा असते, तेच झाड पुढे चालू राहतं, म्हणून फळ तेच. आणि काडी मुळातच वयात आलेली असल्याने फळ लवकर धरते.

जाण्याआधी तिथल्या कोणाला तरी एक काम सांगा. झाडावरच्या तीन-चार महिन्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, शेंड्याचा डोळा टपोरा असलेल्या निरोगी काड्या निवडायच्या आणि त्यांची पानं तोडायची, देठाचा छोटा तुकडा ठेवून, काडी झाडावरच राहू द्यायची. आठ-दहा दिवसांत ते देठ गळतात आणि डोळा फुगायला लागतो, अशी काडी पटकन फुटते. हे एवढं एक काम केलं तर यश येण्याची शक्यता खूप वाढते, आणि नेमकं तेच बहुतेक जण करत नाहीत. मग काड्या तोडा, ओल्या (टपकत्या नाही, पिळलेल्या) कापडात गुंडाळा, वरून प्लॅस्टिक, सावलीत न्या. फ्रीजरमध्ये अजिबात ठेवू नका. एक दिवसाचा प्रवास सहज निभतो, चार-पाच दिवसही निभतात. जास्तीच्या काड्या आणा, निदान लागतात त्याच्या तिप्पट, पहिल्यांदा करताना काही वाया जाणारच आणि ते झाड परत मिळणार नाहीये.

खुंटासाठी आत्ताच दहा-बारा कोयी पेरा, कुठल्याही धडधाकट आंब्याच्या. रोप कोवळं, तांबूस देठाचं असताना कोय कलम बांधतात, आठवडा-दोन आठवड्यांचं. रोपाचा शेंडा उडवा, देठाला मधोमध चार-पाच सेंटिमीटर उभी चीर द्या, काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करा, चिरेत बसवा, प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका कडेला सरकवा, म्हणजे निदान एका बाजूला तरी हिरव्या थराला हिरवा थर भिडेल. चीक आला तर पुसून घ्या. चाकू प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. वरून लांबट प्लॅस्टिकची पिशवी टोपीसारखी घाला आणि सावलीत ठेवा, डोळा फुटून पानं दिसली की काढा.

जमलं की मला कळवा. खरंच कळवा.

प्रश्न: लिंबाच्या झाडावर मोसंबी, संत्रं, पपनस असं सगळं एकत्र लावलं तर फळांची चव एकमेकांत मिसळेल का?

नाही मिसळत. प्रत्येक फांदी आपलंच फळ देते. खुंटाचा फरक पडतो तो झाडाच्या जोमात, उंचीत, फळाच्या आकारात, थोडाफार गोडीत, म्हणजे जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर झाड जोमाने वाढतं पण फळ थोडं कमी गोड असतं. मोसंबीला लिंबाची चव मात्र येणार नाही.

कलमातून खरोखर मिसळलेली झाडं जगात क्वचित झालीयेत. फ्रान्समध्ये १८२५ मध्ये आदाम नावाच्या रोपवाटिकावाल्याने पिवळ्या फुलांच्या लॅबर्नमवर जांभळ्या फुलांचं ब्रूम कलम केलं तेव्हा जोडाच्या जागेतूनच एक फांदी फुटली, तिच्यात दोन्ही झाडांच्या पेशी एकावर एक थरांनी होत्या. त्या झाडावर आजही पिवळी, जांभळी आणि मधल्या रंगाची फुलं एकाच वेळी येतात. पण बघा, तिथेही पेशी वेगवेगळ्याच राहिल्या, शेजारी शेजारी.

तुमच्या झाडाचा खरा त्रास वेगळा असेल. एक जात दांडगी निघते आणि बाकीच्यांचं अन्न खाते. तिला दरवर्षी छाटून बाकीच्यांच्या बरोबरीत ठेवावं लागतं, आणि एका फांदीत व्हायरस असला की तो झाडभर होतो, म्हणून काडी निरोगी झाडाचीच घ्या, फुकट मिळते म्हणून कुठलीही नको.

प्रश्न: आंब्याचं कलम चार महिन्यांपूर्वी बांधलं, छान फुटलंय, पण जोडाच्या जागी वरचा भाग फुगून पट्टीच्या वर आलाय. खत देऊ का?

खत नंतर, आधी पट्टी सोडा. आजच. ती कधीच काढायला हवी होती, आता ती खोडात रुतत चाललीये आणि वर बनलेलं अन्न खाली मुळाकडे जायची वाट आवळली गेलीये, म्हणून वर फुगलंय. ओढून काढू नका, कोवळी साल निघून येईल. जोडाच्या विरुद्ध बाजूला ब्लेडने पट्टीवर उभी चीर द्या, हलक्या हाताने, आणि रुतलेला तुकडा निघत नसेल तर तो राहू द्या, नवी साल आली की सुटेल. मग एक काठी रोवून रोप दोन ठिकाणी सैल बांधा, एक गाठ जोडाच्या खाली आणि एक वर, कारण पट्टी निघाल्यावर पहिल्या जोराच्या वाऱ्यातच कलम जोडावर मोडतं.